सतरा नंबरची हार्मोनिका

अरुणकुमार टिपणीस हा अख्ख्या आखातातला सर्वश्रेष्ठ ब्लूज हार्मोनिकावादक होता. दुसरा कुणी असल्याचं ऐकिवात नव्हतं.

नोकरी रास लफानच्या गॅस प्रकल्पात, इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरची. मुक्काम अल खोरच्या कंपाउंडमध्ये. सव्वीस वर्षांत जाहीर कार्यक्रम तीन, तेही महाराष्ट्र मंडळाचा माइक दुरुस्त होईपर्यंत. माउथ ऑर्गनवर ब्लूज म्हणजे फुंकण्यापेक्षा ओढण्याचं काम. श्वास आत घेत सूर वाकवायचा. "कुणाचं पोट दुखतंय का?" मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ एकदा म्हणाले होते. या दिवाळीला मात्र त्यांनी त्याला दहा मिनिटं दिली. पूर्ण. पत्रिकेत नाव छापून.

शुक्रवारी सकाळी सराव करताना तो एक ओळ वाजवून थांबला. शेजारच्या सतरा नंबरच्या व्हिलातून उत्तर आलं. हार्मोनिकावरच.

पुढच्या शुक्रवारी उत्तर सुधारलं. तिसऱ्या शुक्रवारी, जो सूर वाकवायला तो बिचकत होता, तो पलीकडून आधीच वाकून आला.

"ही चक्क चोरी आहे!"

"तुझं चोरून कोण काय करणार, अरुण?" त्याची बायको शोभा पोळी लाटता लाटता म्हणाली.

तो तणतणत कंपाउंडच्या ऑफिसात गेला. केअरटेकर नसरुद्दीनने सतरा नंबर उघडून दिला. फर्निचर नाही, वीज तोडलेली. फरशीवर वाळूचा पातळ थर. त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. तरी हवा दमट, कुणीतरी नुकत्याच तोंडाने सोडलेल्या श्वासासारखी.

"सात महीने से खाली है, सर."

"तो बजाता कौन है?"

नसरुद्दीन घुटमळला. "पता नहीं, सर. लेकिन लोगों की कंप्लेंट सिर्फ आपके बजाने की आती है. उनके बजाने की नहीं."

दिवाळीला शाळेचा हॉल भरला होता. अरुणकुमारने पहिली ओळ वाजवली आणि हार्मोनिका ओठांपासून दूर केली.

उत्तर आलं. त्याच्याच हातातून.

सूर ओढलेला होता. हार्मोनिकाच्या पलीकडे ओढणारं कुणी दिसत नव्हतं.

त्याच्या छातीतला श्वास मात्र तिकडे ओढला जात होता.

"हा मी नाही!" त्याला ओरडायचं होतं. त्याच्या नावावरची दहा मिनिटं कुणीतरी ढापत होतं, सगळ्यांदेखत. ओरडायला हवाच उरली नव्हती.

टाळ्या थांबेनात. राजाभाऊंनी शाल घातली. शोभाचे डोळे भरले होते. "आज पहिल्यांदा जीव ओतून वाजवलंस."

पुढच्या महिन्यात कंपनीची वार्षिक मेडिकल झाली. फुप्फुसांच्या चाचणीच्या नळीत त्याने तीनदा जोर लावून फुंकलं. तिन्ही वेळा आकडा शून्य. टेक्निशियनने मशीन नादुरुस्त असल्याची नोंद केली आणि 'फिट'चा शिक्का मारला.