सदतिसावं मिनिट

घाटंजीच्या बाजाराचा दिवस, भर दुपार. अक्षयच्या स्टुडिओत पंखा घुमून राह्यलता, बाहेर भाजीवाले बोंबलून राह्यलते. अशा टायमाले भुताची गोष्ट कोण सांगते? पण झालं ते दुपारीच, मंग मी तरी काय करू!

अक्षय म्हणजे गावचा नंबरी खोडकर. जुन्या कॅसेटी डिस्कवर करून द्यायचा धंदा, अन् कामात काडी केल्याशिवाय चैन नाई. सरपंचाच्या भाषणात त्यानं बकरीचं बें-बें घुसवलतं. घरी आई अन् बहीण वैष्णवी, त्याहीनं तर त्याच्यावर इश्वास ठेवणंच सोडलतं.

राळेगावकडचे पुंडलिकराव आठ दिवसांआधी आपल्या लग्नाची कॅसेट ठेवून गेलते. काचबिंदूनं दोन्ही डोये गेलेले. म्हणे, "दिसत नाई बापू आता. पण वच्छलानं दारात उखाणा घेतलता. उभ्या जन्मात माह्यं नाव तेवढं एकदाच घेतलं तिनं. चौथ्या महिन्यात काविळीनं गेली. तेवढा आवाज दे मले काढून."

अन् तेवढंच निघे ना! सदतिसाव्या मिनिटाले नवरी दारात येये. उंबऱ्यावर तांदळाचं माप, नणंद आडवी, "नाव घे, मंग आत ये." नवरीचे ओठ हालत, आवाज गुल. कॉम्प्युटर तिथंच अटके. अक्षयनं व्हीसीआरचं हेड स्पिरिटनं पुसलं, वायर बदलली, दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. सात खेपा झाल्या. सातही खेपा नवरी उंबऱ्याबाहेरच उभी. अन् दर खेपीले त्याले वाटे, ती नणंदीकडं कमी अन् इकडं, स्टुडिओत, जास्त पाहून राह्यली...

"अवो काकू, घ्या ना नाव," तो हासून म्हणला. "विसरल्या का? मी सांगू?"

झालं, खोडी सुचली. माइक लावला, बाईचा आवाज काढला, अन् जिथं आवाज गुल होता तिथं भरून टाकला,

"कापसाच्या वावरात पांढरं पांढरं रान,
अक्षयरावांचं नाव घेते, राखते सगळ्यांचा मान."

मनात म्हणलं त्यानं, जराक हासून घेऊ, मंग खरं नाव टाकून म्हाताऱ्याले देऊ. त्याले काय समजते!

बटन दाबलं. फाइल अटकली नाई. सरसर शेवटपर्यंत गेली.

बाहेरचा बाजार एकदम दूर गेल्यावाणी वाटला. सर्दावलेल्या कॅसेटीचा कुबट वास होताच, त्यात ओल्या हळदीचा वास मिसळला. त्यानं फाइल लावली. उखाणा तोच. पण आवाज त्याचा नाई... बाईचा. बारीक, धाप लागलेला, लय दुरून चालत आल्यासारखा. ओठ बरोब्बर जुळून राह्यलते. उखाणा झाला, नवरी मागं वळली अन् चालत चालत चित्राच्या बाहेर निघून गेली. माप तसंच. नणंद तशीच आडवी.

"पुन्हा लाव बापू."

अक्षय दचकला. दारात काठी टेकून पुंडलिकराव उभे होते.

"काका, थांबा... ते मी गंमत..."

"लाव म्हणतो ना."

लावलं. म्हाताऱ्यानं मान तिरपी करून आयकलं.

"आवाज तिचाच हाय," ते हळूच म्हणले. "पण माह्यं नाव... माह्यं नाव कुठं गेलं रे?"

अक्षयनं घाईघाईनं अस्सल कॅसेट मागं नेली, पहिल्यापासून पळवली. हळदीचा पाट रिकामा. मांडवात तरणे पुंडलिकराव एकटेच, हार हवेत धरून उभे.

तेवढ्यात फोन वाजला. वैष्णवी. खुदूखुदू हासून राह्यलती.

"दादा, कोणाले पाठवलं रे हे? दारात बाई उभी हाय, मुंडावळ्या बांधून! आई म्हणते, तुह्याच एखाद्या दोस्ताले लुगडं नेसवलं असन."

"दार लाव, वैष्णवी! आत नको घेऊ तिले..."

"आता कशी लावू? मीच आडवी झालती ना. म्हणलं, नाव घे, मंग आत ये."

"मंग...?"

"मंग काय, घेतलं तिनं. आईनं माप ठेवलं."

तिकून पितळी माप लवंडल्याचा आवाज आला. वैष्णवीचं हासणं मधातच तुटलं. तांदूळ फरशीवर सांडले... सांडत गेले... एका मापात मावणार नाईत एवढा वेळ, सांडतच राह्यले.