तीन वाजून दहा मिनिटांची सूचना

"मृत महिलेने मदत मागितल्याचा कोणताही पुरावा नाही."

चौकशी अहवालातलं हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अडचण एवढीच, की पुराव्याच्या अकरा प्रती माझ्या टेबलावर आहेत.

पुढे सांगतो ते घडलेलं आहे. खोटं ठरलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

माझी थोरली बहीण ग्रंथालयाच्या तळघरात हस्तलिखितं सांभाळायची. सुट्टी लागली त्या दुपारी कुणीतरी दार बाहेरून बंद करून गेलं. फोनला रेंज नाही. दम्याचा पंप वरच्या मजल्यावर.

चौथ्या दिवशी दार उघडलं...

ताई खुर्चीतच होती. दाराकडे तोंड करून.

तिचं ईमेल खातं बंद झालं. तळघरातला संगणकही काढून नेला.

आठवड्याने, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, मला सूचना आली... "आपले पत्र पोहोचले नाही."

मी पत्र पाठवलंच नव्हतं.

खाली जोडलेला मजकूर ताईचा होता. दार बंद झालं त्या दुपारी तीन दहाला ग्रंथालयाच्या संगणक विभागाच्या प्रमुखाला लिहिलेला; सुट्टीत किल्ल्या त्याच्याकडे असत. "दार बाहेरून लागलंय. वाट बघतेय."

मी त्याला गाठलं.

"अशक्य, सर! अशा सूचना सर्व्हरवरच अडवल्या जातात."

"का?"

"अहो, कुणीतरी आपले पत्ते वापरून कचरा पाठवत होतं. न पोहोचलेली हजारो पत्रं आपल्याच माथी परत यायची. मी सरसकट सगळी बंद केली. लोकांनी पाठ थोपटली माझी!"

"त्यातली खरी कोणती, हे पाहिलंत?"

"एवढा वेळ कुणाला असतो?"

"त्या दुपारी तुमची मेलपेटी?"

"...भरली होती."

म्हणजे पत्र परत फिरलं, आणि ते फिरल्याचं ताईला कळलंच नाही. एकदा सांगितलं की दुसऱ्या कुणाला त्रास द्यायचा नाही, हा तिचा स्वभाव. मदत निघाली असं समजून ती बसून राहिली.

सूचना रोज येत राहिल्या. त्याच वेळी. सर्व्हरवर नोंद एकीचीही नाही.

अकराव्या दिवशी मजकूर बदलला...

"येताय ना?"

तो कागद मी प्रमुखापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने लेखी जबाब दिला. शब्दशः असा:

"परत येणारी पत्रं मीच अडवली, न तपासता. काल ती बंदी उठवली आणि मॅडमच्या बंद खात्यावर 'येतो' एवढंच लिहिलं. ते परत यायलाच हवं होतं. मी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. परत आलं नाही."