विझणारी सिगार

ती गल्ली आता ओळखू येत नाही. बेकरीच्या जागी चष्म्याचं दुकान आलंय, शेजारच्या भिंतीवर भलतेच रंग चढलेत. पण धाकटी त्या कोपऱ्यावर आली की तिची पावलं आपोआप मंदावतात. केस पिकले तरी सगळे तिला अजून धाकटीच म्हणतात, आणि त्या कोपऱ्यावर तर ती खरोखरच विशीची होते.

त्या दिवशी बारीक पाऊस पडत होता. बेकरीत तिच्यापुढे उभा असलेला तरुण बेकरीवाल्याला नुसता भंडावून सोडत होता. पाव हवा, पण बिनमिठाचा. वर लोणी नको, तीळ नकोत, शिळा असला तरी चालेल.

"आजारी आहात का?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

तो वळला. "नाही... जीभ कोरी ठेवायचीय." मग हळूच हवा हुंगून म्हणाला, "तुम्ही मात्र सकाळपासून तंबाखूच्या पानांत बसला होतात. पान चांगलं आहे."

"अनोळखी मुलींचा वास घेत फिरता वाटतं?"

तो कानापर्यंत लाल झाला आणि पाव छातीशी धरून, हातातली छत्री उघडायचीही विसरून चालता झाला. ती मनातल्या मनात हसत घरी आली. बघते तर स्वारी बाबांसमोर खुर्चीत बसलेली. तो मोठ्या व्यापारी कंपनीचा पारखी होता, बाबांची सिगार पारखायला आलेला.

बाबांची सारी हयात सिगार वळण्यात गेली होती. उतारवयात त्यांना एक सौम्य सिगार साधली होती, घशाला न लागणारी, पण जिभेवर रेंगाळणारी. आणि नेमके तेव्हाच त्यांचे हात कापायला लागले. म्हणून नमुन्याच्या सगळ्या सिगार धाकटीने वळल्या होत्या. कंपनीने पसंत केल्या तर दुकान राहणार, नाहीतर कुलूप लावून बापलेकीने थोरल्या भावाकडे परगावी जायचं, असं ठरलं होतं. भावाच्या घरी आपण काय करणार, हा विचार ती मुद्दाम लांब ठेवत होती.

पारखायची एक रीत असते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडून द्यायचा. घाई केली तर सिगार तापून कडवट होते, हयगय केली तर विझते. नीट ओढूनही विझली, तर समजायचं की वळणाऱ्याने पान घट्ट कोंबलंय. पहिल्या दुपारी बाबा समोर बसले. सिगार शेवटपर्यंत एकसारखी जळली, राख पांढरी आणि टणक. डोळे मिटून पारखी पुटपुटला, "साय... सुकं गवत... आणि मागून भाजलेला बदाम." दाराआड उभ्या असलेल्या धाकटीला वाटलं, कुणी आपलंच कौतुक करतंय.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, वळल्या हिने, तर समोर हिनेच बसावं. ती बसली. आधी पानांविषयी बोलणं झालं, मग इकडचं तिकडचं. तो प्रत्येक घास हुंगून खातो म्हणून त्याची आई कशी वैतागते, ते त्याने सांगितलं. लहानपणी ती पानांच्या पोत्यांवर झोपायची, ते तिने सांगितलं. खिडकीवर पाऊस टपटपत होता. तो तिच्याकडे बघायचा, तिने बघितलं की राखेकडे बघायचा. आणि सिगार विझली.

त्याने कपाळाला आठी घालून ती पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. त्यापुढच्या दुपारी तेच, आणि त्यानंतरही तेच.

"हात घट्ट पडला तुझा," तो गेल्यावर बाबा म्हणाले. ते रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. तिने उरलेली एकेक सिगार बोटांनी चाचपून पाहिली. कुठे गाठ नाही, कुठे पोकळी नाही. तरी आपल्याच बोटांवरचा तिचा विश्वास उडाला. वर आणखी लाज अशी की जो माणूस आपलं दुकान बंद करणार, त्याच्याच येण्याकडे सकाळपासून डोळे लागायचे.

शेवटच्या दिवशी कंपनीचे थोरले साहेब निकाल ऐकायला आले. पारखी उभा राहिला.

"पहिला दिवस सोडला तर सिगार माझ्या हातात रोज विझली," तो म्हणाला. बाबांनी मान खाली घातली. "मला वाटलं, वळण्यातच दोष आहे. पण काल खोलीवर जाऊन एकट्याने एक ओढून पाहिली... ती शेवटपर्यंत सुरेख जळली. मग आठवून पाहिलं. इथे मी ओढतच नव्हतो, साहेब. विसरत होतो."

"पारखी माणूस सिगार ओढायला विसरतो? का म्हणून?"

"या समोर बसून बोलत होत्या."

बाबांना एकदम खोकल्याची उबळ आली. थोरल्या साहेबांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे निरखून पाहिलं.

"मुलीला आत पाठवा," ते बाबांना म्हणाले, "म्हणजे निदान माझी सिगार तरी पुरी होईल."

दाराआड ती कितीतरी वेळ उभी राहिली. साहेबांच्या सिगारचा वास दाराच्या फटीतून येत राहिला. अखेर खुर्ची सरकली आणि साहेबांचा आवाज आला, माल पसंत आहे, मात्र या मुलाने या घरची सिगार पुन्हा पारखायची नाही. तेव्हा तिने तोंडावर पदर दाबला आणि रडून घेतलं.

थोड्या वेळाने दारावर हलकी टकटक झाली. उघडलं तर पारखी एकटाच उभा.

"तीन दिवस माझ्या जिवाला घोर लावलात," तिने फणकाऱ्याने सुनावलं. "माझेच हात मला खोटे वाटायला लागले होते."

"चुकलं माझं."

त्याचा चेहरा इतका पडला होता की तिचा राग टिकेना. तिने उगीचच पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आणि ती... एकट्याने ओढलेली," तिने विचारलं, "कशी होती?"

"उत्तम होती. कुठेही बोट ठेवायला जागा नाही." तो थांबला, मग खाली बघत म्हणाला, "पण सगळा वेळ वाटत होतं — तुम्ही समोर असता, तर ही विझली असती... आणि बरं झालं असतं."

तिने नजरेनेच त्याला त्याची नेहमीची खुर्ची दाखवली. आत गेली, दुसरी खुर्ची उचलून आणली आणि त्याच्या समोर मांडून बसली.