मोहाखाली कोण झाडतं?

भावेशने आजवर त्रेचाळीस माणसं मारली होती, तीही ठाण्यात चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून. एका ऑडिओ ॲपवर त्याची रहस्यमालिका चालायची. ती घडायची जव्हार-मोखाड्याच्या जंगलात, आणि ते जंगल त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. साठ भाग झाल्यावर खुनी कोण हे आपल्यालाही माहीत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा कुठे तो जागा बघायला निघाला.

जव्हारच्या डेपोबाहेर मोखाड्याची जीप भरत होती. नऊ जणांच्या जागेत भावेश चौदावा. मांडीवर बॅग, कानाला फोन, आणि फोनवर निर्माती टीना.

"देतो गं, शनिवारचा शेवटचा भाग वेळेत देतो… हो, बाईला एप्रिलातच विहिरीत बुडवू. प्रेत तिसऱ्या दिवशी वर येईल."

सगळ्या जीपने कान टवकारले. शेजारी बसलेल्या मुलीने मान वळवली. उन्हासाठी डोक्यावरून घेतलेली ओढणी, आणि त्याखाली डोळे… साठ भागांत भावेशच्या एकाही साक्षीदाराला असे डोळे नव्हते.

"कुठली विहीर?" तिने विचारलं.

"मोखाड्याजवळची. म्हणजे… काल्पनिक."

"एप्रिलात?"

"हो."

"एप्रिलात आमच्या विहिरीत हंडा बुडत नाय. बाई कशी बुडवणार?"

मागच्या सीटवरच्या गौराबाई म्हणाल्या, "वाटीवाटीनं भरतो आम्ही. तिचा पाय पण भिजायचा नाय."

"टँकरखाली घाला, साहेब," ड्रायव्हर तुकाने आरशातून सुचवलं. "पाण्यानंच मेल्यासारखं होईल."

सगळी जीप हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने पर्समधून पेन काढलं.

"नाव सांगा. बाहेरचा माणूस जीपमध्ये बसून प्रेताची व्यवस्था लावतोय, तर मला विचारावं लागतं. मी भागी. पोशेऱ्याच्या पुढच्या पाड्याची पोलीस पाटील."

"पोलीस पाटील? ते तर मिशीवाले आजोबा असतात ना?"

"माझे आजोबा होते. मिशी ते सोबत घेऊन गेले."

"भावेश. लेखक. रहस्यकथा लिहितो."

तिचं पेन थांबलं. "ती मोबाईलवरची? साठ भागांची?"

"तीच," भावेश शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला.

"आमच्या बाया मोहाची फुलं वाळवताना लावतात. हसायला बरी पडते."

इतकी नेमकी समीक्षा त्याला आजवर मिळाली नव्हती. भावेश तिथेच प्रेमात पडला, पोशेऱ्याच्या अलीकडच्या वळणावर.

"खरा तपास बघायचाय?" उतरता उतरता भागीने विचारलं. "बोलायचं नाय. आणि कुणाला मारायचं नाय."

तो उतरला. मोखाड्याला त्याने लॉज घेतलेलं होतं, पण ते त्याला थेट दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं.

तपास असा होता. पाड्यातला वाळू नावाचा मजूर होळीला वीटभट्टीवरून घरी आला, नाचला, आणि चौथ्या दिवशी पहाटे नाहीसा झाला. त्याला अठरा दिवस झाले होते. त्याची बायको पुतळी अंगणात बसली होती. कडेवर दीड वर्षाची मुलगी होती आणि नजर वाटेवर.

"भांडण?" भागीने विचारलं.

"नाय गं. उलटा गुमसुम होता. पोरीला पण घेईना. लांबूनच बघे."

"काय नेलं?"

"नागलीचं पीठ, न् कांबळ."

"मोह वेचायला जातेस का?"

"कशी जाऊ? त्याचं झाड बघून रडाय येतं. पडून सडला असेल मोह."

भावेशच्या डोक्यात तोपर्यंत तीन संशयित तयार झाले होते: पुतळी, पुतळीचा दीर, आणि गुप्तधन. चढावर त्याने तिन्ही नावं भागीला सांगितली. मध्ये दोनदा श्वास घ्यायला थांबला.

"तुमचा गुप्तहेर दमत नाय का हो?"

"मी त्याला… गाडीतून… उतरूच देत नाही."

ती या वेळी मात्र हसली. ओढणीचं टोक ओठांवर दाबून, दुसरीकडे बघत. हे हसू आपण मिळवलं की ते आपल्यावर होतं, याचा भावेशने पुढचा अर्धा डोंगर विचार केला.

वर मोहाची झाडं होती. प्रत्येक झाड कुणाचं ना कुणाचं. बाया पहाटे येऊन वेचून गेल्या होत्या. वाळूच्या झाडाखाली मात्र कुणी येत नव्हतं, म्हणजे तिथे फुलांचा सडा हवा होता. भागी थांबली. खाली बसली. जमिनीवर तळहात ठेवला.

झाडाखाली एक फूल नव्हतं. एक पान नव्हतं.

"चोर!" भावेश म्हणाला.

"चोर झाडत नाय."

"म्हणजे?"

"ज्याचं झाड, तो आधी पाला झाडून काढतो. फूल स्वच्छ पडावं म्हणून. चोर येईल, हाताला लागेल ते उचलेल न् पळेल. हे कुणीतरी रोज झाडतंय. मनापासून." तिने मातीवरच्या बारीक रेषा दाखवल्या. "डाव्या हाताचा झाडू आहे. वाळूदादा डावरा आहे."

भावेशने वही काढली होती. ती त्याने परत ठेवली. त्याच्या गुप्तहेराकडे भिंग होतं, कुत्रा होता, परदेशातली पदवी होती. या बाईकडे एक तळहात होता.

शाळेच्या ओट्यावर झोपून, उजाडायच्या आत तो भागीबरोबर पुन्हा वर गेला. दोघं करवंदीच्या जाळीमागे बसली. हवेला मोहाचा गोड, जड वास होता. मग पूर्वेला डोंगराची कड उजळली, आणि फुलं पडायला लागली. टप… टप… सगळ्या माळावर. जणू कुणी हलक्या पावलांनी चालत येत होतं, सगळीकडून एकदम. भावेशने श्वास रोखला. भागीचा खांदा त्याच्या खांद्यापासून चार बोटांवर होता. त्या चार बोटांवर, त्याला वाटलं, सबंध आयुष्य लिहिता येईल.

तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस वरच्या खडकाकडून उतरला. खोकला. पुन्हा खोकला. डाव्या हाताने त्याने झाडायला सुरुवात केली.

"वाळूदादा," भागी हळूच म्हणाली.

"लांब रहा, बाय! मला टीबी आहे. भट्टीवर डाक्तरनं सांगलं. पोर बारकी आहे माझी…" तो खाली बसला. "मोह वाळवून ठेवलाय खडकावर. पुतळीला दे. न् पाड्यात सांगू नको. माझ्या पोरीला कुणी जवळ घेणार नाय."

भागीने ओढणीने तोंड बांधलं, आणि चालत त्याच्यापाशी गेली. त्याच्या हातातला झाडू घेतला. "औषधानं बरा होतो हा रोग. जव्हारला दवाखान्यात चल. पाड्याला कामावर गेला म्हणून सांगते. खरं फक्त पुतळीला."

भावेश जाळीमागे उभा होता. डोळे भरले होते; त्याचा दोष त्याने फुलांच्या वासावर ढकलला.

वाळूला दवाखान्यात पोचवून दोघं जव्हारच्या स्टँडवर आली, तेव्हा त्याने विचारलंच. "भागी… माझा शेवटचा भाग आहे हा. असा शेवट मला जन्मात सुचणार नाही. नावं बदलतो."

"नावं बदलाल. झाडलेली जमीन कशी बदलाल? बाया एका वाक्यात ओळखतील."

"मग नको लिहू?"

"मी कोण सांगणार? लिहिणं तुमचं." आणि ती मोखाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. मागे वळून बघेल म्हणून भावेश ठाण्याची एसटी सुटेपर्यंत उभा राहिला. तिने बघितलं नाही.

ठाण्याला त्याने तो भाग एका बैठकीत लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी चांगलं लिहिलं होतं; स्वतःलाच कळण्याइतकं चांगलं. मग त्याला मोह वाळवणारे वीस हात दिसले. ते हात एका वाक्यापाशी थांबले, आणि दहा तोंडं पुतळीकडे वळली.

त्याने सगळं पुसून टाकलं.

"साठ भाग लोकांना लटकवलंस," शुक्रवारी टीना फोनवर किंचाळली, "आणि शेवटी तुझा हीरो म्हणतो, 'मला कळलं नाही'?"

"खऱ्या तपासात असं होतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"पोलिसांनी."

शनिवारी संध्याकाळी तो पाड्यात पोचला, तेव्हा पुतळीच्या अंगणात मोबाईल एका पातेल्यात उभा केला होता, आवाज मोठा यावा म्हणून. बाया सुपांतून फुलं निवडत ऐकत होत्या. पुतळीही होती. भागी ओट्याच्या टोकाला बसली होती, हात घट्ट मिटून. भावेश मागेच उभा राहिला.

गुप्तहेर गावासमोर उभा राहिला. खाकरला. मला कळलं नाही, म्हणाला, आणि एसटीने निघून गेला.

"आँ?" गौराबाई सूप टाकून उठल्या. "संपली? न् खून कुणी केला?"

"फशिवलं की रं!"

"तो बघा, तो उभा आहे लिहिणारा! आवं, तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"नाही हो, आजी," भावेश म्हणाला.

बाया पुढची पाच मिनिटं जे बोलल्या, ते प्रसारणयोग्य नव्हतं. पुतळी हसत होती. पोरगी तिच्या मांडीवर होती, आणि शेजारणीने तिच्या हातात एक फूल दिलं होतं.

भागीचे हात सुटले. ती उठून त्याच्याकडे आली, अंगणाच्या कडेपर्यंत, बायांना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

"लिहिलं होतंत?"

"हो."

"चांगलं होतं?"

"फार."

तिने मान खाली घातली. मग अगदी सरकारी आवाजात म्हणाली, "सहा महिन्यांचं औषध आहे. दर महिन्याला मी त्याला जव्हारला तपासणीला नेणार. जाताना सोबत लागेल."

"वाळूला?"

"वाळूदादाला पुतळी आहे," भागी म्हणाली… आणि साठ भागांचा रहस्यकथाकार, जमेल तितका विचार करून, सावकाश लाल झाला.