पेन्सिलीचा ठसा

नांदेडला देगलूर नाक्याच्या अलीकडे जिलानीचं गॅरेज आहे. अठ्ठावीस वर्षं मी तिथे जातो आहे, वर्षातून दोनदा तरी. लातूरहून सकाळची एसटी धरायची, अहमदपूर, लोहा करत दुपारी पोचायचं, पाकिटातली चिठ्ठी काढायची आणि एखादी जुनी फियाट आलेली असली तर तिच्या बॉनेटखाली वाकून बघायचं.

चिठ्ठी म्हणजे पातळ कागदाचा तुकडा आहे. गाडी नावावर करताना आरटीओचा एजंट नंबर ठोकलेल्या पत्र्यावर असा कागद ठेवतो आणि वरून पेन्सिल घासतो. काळ्या पट्ट्यात आकडे पांढरे उठतात. आमच्या फियाटचा हा ठसा चौऱ्याण्णव सालचा. सहा आकडे आहेत. मला ते पाठ आहेत, पण मी माझ्या पाठांतरावर विसंबत नाही. कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. कार्ड बघितल्याशिवाय पुस्तक दिलं नाही.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये आमचा उमाशंकर त्या गाडीने किनवटला निघाला. आश्रमशाळेच्या वसतिगृहात त्याला नोकरी लागली होती. "बाबा, सोबत चला, दोन दिवसांत परत या," असं तो दोनदा म्हणाला. मी म्हणालो, ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालू आहे. खरं म्हणजे अनोळखी माणसांत जायचं माझ्या जिवावर येतं. नांदेडहून त्याने फोन केला. गाडी जरा गरम होतेय, पण ठीक आहे, एवढंच बोलला. त्यानंतर तो नाही आणि गाडीही नाही. पोलिसांनी जंगलातले रस्ते पाहिले, नदी पाहिली.

या पावसाळ्याआधी जिलानीचा फोन आला.

"सर, फियाट आली हाय एक. पर तुमच्या कामाची न्हाई."

"का?"

"तिला नाव न्हाई, गाव न्हाई. पलेट काढलेली, चेसिस नंबर घासलेला, इंजिन दुसरं. चिठ्ठी आणून काय लावून बघता?"

मी गेलो. गाडीवर तीन-चार वेळा रंग चढलेला होता. दरवाजाच्या पोपडीखाली क्रीम रंग होता, पण तेव्हा अर्ध्या फियाट क्रीमच असायच्या. बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर पाटीची चार भोकं होती आणि शेजारी, जिथे आकडे असायला हवेत तिथे, कानशीने घासलेला गुळगुळीत पट्टा. मी त्यावर बोट फिरवलं. उन्हात उभी असूनही तो पट्टा थंड होता. सावली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"कुठून आली?"

"भंगारवाल्याकडनं. त्याच्याकडं कुठनं आली, खुदा जाणे." जिलानी हात पुसत म्हणाला. "सर, नावावर व्हायची न्हाई ही. घेऊन काय करता, अंगणात उभी करून हळदकुंकू लावता काय?"

तो हसला. मीही हसलो. मग मी म्हणालो की घेतो, आणि तो हसायचा थांबला.

माझं चुकलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. ज्या गाडीला नंबर असतो, ती आपली नाही हे लगेच कळतं. चिठ्ठी लावली की संपलं. अठ्ठावीस वर्षं प्रत्येक फियाटने मला नाही म्हटलं होतं. ही पहिली, जी नाही म्हणू शकत नव्हती. आणि माझ्या बायकोकडे, भामाकडे, आता फार दिवस नव्हते. म्हणजे तब्येत चांगली होती तिची. पण दोन वर्षांपासून ती एकेक गोष्ट विसरत चालली होती. आधी शेजारणींची नावं, मग गॅस, मग माझं नाव. उमाशंकर तेवढा शिल्लक होता. रोज दुपारी चार वाजता ती फाटकाशी जाऊन उभी राहायची. तिच्या आठवणीतून तोही जायच्या आत तिला काहीतरी सांगता यावं, इतकंच मला हवं होतं.

गाडी टेम्पोवर घालून लातूरला आणली. भामा बाहेर आली. मागचं दार उघडून आत बसली.

"पुढे बस की," मी म्हणालो.

"पुढं त्यो बसतो." मग जरा वेळाने, "लई धूळ केली गाडीला."

त्या दिवसापासून ती फाटकाशी जाईनाशी झाली. जेवण झालं की मागच्या सीटवर बसायची, डावा हात पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवून. त्या हातावर आतल्या बाजूला गोंदण होतं, ठिपक्यांचं तुळशीवृंदावन. औशाच्या बाजारात गोंदून घेतलेलं, उमाशंकर चार महिन्यांचा असताना. शेवटचा ठिपका टोचताना तो मांडीवर रडला, तिने हात ओढला आणि तो ठिपका वृंदावनाबाहेर, मनगटाकडे पडला. "ह्यो त्याचा," असं ती सगळ्यांना दाखवायची. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असंही म्हणायची.

कागदपत्रांचं काही होतं का बघायला मी मडिवाळप्पाला बोलावलं. तो आरटीओचा जुना एजंट, मूळचा निलंग्याकडचा. त्याने पट्ट्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली.

"काही न्हाई, सर. पार गुळगुळीत करून टाकलंय." त्याने कागद उजेडात धरला. "दोन टिपके दिसायलेत. कानशीचे असतील."

"नवीन नंबर?"

"पोलिसांचा कागद लागंल. ते इचारतील, कुणाची गाडी? तुम्ही काय सांगणार?"

मी कागद त्याच्या हातातून घेतला. कागदावर तारीख घातली आणि तो एका पुस्तकात ठेवला. सवयच आहे.

आठ दिवसांनी मी स्वतः ठसा घेतला. पाच ठिपके होते. माझा हात हलला असेल म्हणून दुसरा घेतला. पाचच होते. त्यापुढच्या आठवड्यात अकरा. पत्रा डोळ्यांनी आणि बोटांनी गुळगुळीतच लागत होता. भिंग लावूनही पाहिलं. ठिपके फक्त कागदावर येत होते. गंजाने पत्र्याला बारीक खळगे पडत असतील, असं मी जिलानीला फोनवर म्हणालो.

"गंज लायनीत पडत न्हाई, सर," तो म्हणाला.

भामा शांत होत चालली होती. गाडीत बसायची, पण धुळीचं बोलेनाशी झाली. एकदा पुढच्या सीटवर बसलेली दिसली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पाचवा ठसा मी एका गुरुवारी दुपारी घेतला.

खाली चौथरा होता. वर कुंडी. मधोमध तुळस.

आणि एक ठिपका बाहेर, एकटा.

मी बॉनेट लावलं. घरात गेलो. भामाचं जेवण झालं होतं, तिचे हात धुवायचे होते. रोज मीच धुतो. तिच्या हाताकडे मी महिनाभर नीट पाहिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. की पाहायचं टाळलं होतं, कोण जाणे.

मी तिची डावी बाही वर सरकवली.

हात कोरा होता. डाग नाही, वण नाही. पाण्याखाली मी अंगठा फिरवला. कातडी गुळगुळीत होती, आणि थंड.

"भामा," मी म्हणालो, "उमाशंकर..."

ती माझ्याकडे पाहत राहिली. पाहुण्याकडे पाहावं तसं, अदबीने.

"कोण हो?"

मी नळ बंद केला. टॉवेलने हात पुसला.

"अहो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ही गाडी कुणाची हाय? लई दिवस झाले, कुणी न्यायला येईना."

टेबलावर उरलेला पातळ कागद होता, पेन्सिल होती. मी का केलं ते सांगता येणार नाही. कागद तिच्या हातावर ठेवला आणि अगदी हळू, तिला लागू नये असा, पेन्सिलीचा आडवा हात फिरवला.

तिने हात ओढला नाही.

काळा पट्टा झाला. त्यात पांढरे आकडे उठले. सहा.

पाकिटातल्या चिठ्ठीशी ताडून बघायची गरज नव्हती. तरी मी ताडून बघितले.