उमेदीची उचल

चोरी तुम्ही केलीत. गळ्यात ओळखपत्र अडकवून, दिवसाढवळ्या, शाळेच्या फाटकातून आत शिरून केलीत. आणि चोरली ती अशी चीज, की तिची फिर्याद कुठल्याच ठाण्यात घेत नाहीत. तुम्ही वर बसता. आदेशाखाली तुमची सही असते आणि ती कुणाला वाचता येत नाही. म्हणून आधी खाली काय झालं ते ऐका.

गोंदियाच्या पलीकडे, जंगलाला चिकटून असलेल्या एका टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, शाळा. एक खोली, एक शिक्षिका. प्रतिभा टेंभुर्णे नागपूरहून बदलून आल्या त्याला बरीच वर्षं झाली. नवरा वारल्यावर त्यांनी परत बदली मागितलीच नाही. कुणासाठी मागायची?

होळी सरली की ही शाळा ओस पडायची. मोहफुलं गळायला लागली की अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली, आणि पोरं त्यांच्या मागे. मग मॅडमही फळा बगलेत मारून तिथंच जायच्या. फुलांचे ढीग करून भागाकार. निम्मी पोरं फांदीवर, निम्मी भांडणात. रेशमी कुंभरे तोंड अगदी सरळ ठेवून विचारायची, "टेंभरं पिकली का जी मॅडम? का अजून कच्चीच हायेत?" टेंभरं म्हणजे टेंभुर्णीची फळं; आडनावावरचा तो जुनाच विनोद, पण पोरं लोळायची. मॅडम रागावल्यासारखं करायच्या आणि खोलीवर गेल्यावर भिंतीकडे बघून हसायच्या.

यंदा रेशमी चौथीत होती. आणि यंदा एकाही पोरानं शाळा बुडवली नाही.

प्रत्येकाच्या कानामागे उमेदपट्टी होती. नखाएवढी रुंद, कातडीच्या रंगाची. ती बसवायला तालुक्याहून लांजेवार नावाचे तंत्रज्ञ आले होते.

"कंटाळा आला की मेंदूतल्या विजेची लय ढिली पडते," रेशमीच्या कानामागे पट्टी दाबत ते मॅडमना सांगत होते. "पट्टीला ते कळतं. मग ती आतल्या आत बारीकशी ढोसणी देते. पोराला वाटतं, चला, अजून एक गणित करू. वर्षअखेरीस पोरांचं चित्त उडतं ना, त्यावर उपाय."

"दुखते का जी?" रेशमीनं विचारलं.

"बिलकूल नाही."

"मंग कायले लावता? न दुखणारं औषध लागते थोडीच."

लांजेवार हसले. पट्टीवरचा ठिपका हिरवा झाला. रेशमीनं पाटी पुढ्यात ओढली आणि भागाकार सोडवायला घेतला. त्यानंतर तिनं असा वाकडा प्रश्न कधी विचारला नाही.

पहिले काही दिवस मॅडम हरखल्या. मग त्यांना खोलीत आपलाच आवाज ऐकू यायला लागला. एकदा खिडकीत वानर येऊन बसलं, फळ्याकडे बघत राहिलं. एकाही पोरानं मान वळवली नाही. मॅडमनी मुद्दाम सहाचा पाढा चुकवला. पोरांनी तो दुरुस्त केला, खिदळली नाहीत, खाली माना घातल्या. सुट्टी कधी लागते, हे कुणी विचारीना. शाळा इतकी भरलेली होती, आणि तरी इतकं एकटं त्यांना नवऱ्याच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

शाळा सुटताना पट्ट्या काढून डब्यात ठेवायच्या, असा नियम होता. रेशमीचा बाप मनोहर एका दुपारी दारात उभा राहिला.

"मॅडम, पट्टी घरी नेऊ द्या न जी. मोह वेचाले उठवलं का पोट्टी भोकाड पसरते. पट्टी असली तं गुमान वेचन, मंग शाळेत येन."

मोहाच्या या दिवसांवर इथल्या घरांचा पावसाळा निघतो, हे मॅडमना ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्या गावात बाईंनी साफ नाही म्हटलं असतं. यांनी इतकी वर्षं शाळाच झाडाखाली नेली होती. त्यांना वाटलं, यात काय मोठं? "न्या," त्या म्हणाल्या. एकाला दिली म्हणताना सगळ्यांनीच नेल्या. पोरं पहाटेपासून वेचू लागली, मग शिकू लागली, आणि कुरकूर कुणाचीच नाही.

शेवटचा दिवस आला. शेवटची घंटा पोरांनी वाजवायची, असा या शाळेचा रिवाज. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, पण तो बडवायला दरसाल मारामाऱ्या व्हायच्या, एकदा तर सदरा फाटला होता. लांजेवारांनी पट्ट्या उतरवून डब्यात भरल्या, डबा कपाटात ठेवला आणि ते गेले. मॅडम हातोडी घेऊन उभ्या राहिल्या. कुणी पुढं आलं नाही. पोरं बसल्या जागी फरशीकडे बघत होती. अखेर घंटा त्यांनी स्वतःच वाजवली.

आठवडाभरानं मनोहर पुन्हा आला. या खेपेला दारात उभा राहिला नाही, ओट्यावर मटकन बसला.

"पोट्टी बोलत नाही मॅडम. जेवाले देल्लं तं जेवते, मांगत नाही. चारोळीची चारं पिकली, लिंबाएवढी टेंभरं पिकली, सारं जंगल गोड झालं, अन् हे घरात बसून हाय." त्यानं आत कपाटाकडे बोट केलं. "ते पट्टी हाय न कपाटात? एक दिवस लावून द्या. उठून तं बसन."

किल्ली मॅडमच्या कनवटीला होती. त्यांचा हात तिथं गेलाही. मग त्यांनी तो काढून घेतला आणि त्या मनोहरबरोबर चालू लागल्या. वाटेत प्रत्येक दाराशी एक पोर बसलेलं. चिंचेखाली विटीदांडू पडला होता, त्यावरून मुंग्या चालल्या होत्या.

रेशमी भिंतीला टेकून होती. मॅडमनी तिचा हात हातात घेतला. तिनं तो तसाच राहू दिला.

"काय हवं तुला, रेशमी?"

तिनं खरंच विचार केला. बराच वेळ केला. "काईच आठवत नाही जी," ती म्हणाली.

अंगणात येऊन मॅडमनी लांजेवारांना फोन लावला.

"घाबरू नका, होतं असं," ते म्हणाले. "पट्टी नवीन उमेद तयार करत नाही मॅडम. मेंदूजवळ पुढच्या दिवसांची जी उमेद साठलेली असते, तिच्यातून आगाऊ उचल घेते. सुट्टीत आपोआप भरून येते."

"म्हणजे हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"वरच्यांना होतं. म्हणूनच तर वर्षाच्या शेवटी लावली. सुट्टीत पोरं कशी आहेत, हे कोण तपासतं?"

"आमच्याकडे पोरं पट्ट्या घरीही लावत होती. पहाटेपासून."

"मग वेळ लागेल," लांजेवार हळू म्हणाले. "आणि निकाल फार चांगले आलेत मॅडम. जूनपासून वर्षभर लावायचा आदेश निघतोय."

"माझ्या शाळेत नाही लावणार मी."

"तुम्ही नाही लावल्या तर दुसरं कुणी येऊन लावेल. मी तरी काय करू?"

"आदेश काढणाऱ्याला जोडून द्या."

"साहेब बैठकीत असतात."

"असू द्या, मी थांबते," म्हणत मॅडम तिथंच उन्हात उभ्या राहिल्या. "एवढंच विचारा त्यांना. सुट्टी होती, तीही तुम्ही ही उचल फेडायला वापरून टाकलीत. आता वर्षभर उचलणार असाल, तर ही पोरगी भरून यायची कधी? सांगा म्हणावं. महिना सांगा."