सपनाने कोणाला सांगितलं?

“माही बायको सपना आयसीयूत हाये. पोटात पानी झालं, बोलताही येऊन नाई राह्यलं.” वडनेरचा प्रेमदास बसायला तयार नव्हता. “दुसऱ्या बाईले मूल व्हावं म्हून आपली स्त्रीबीजं देऊन राह्यली होती. इंजेक्शनं चालू असतानाच कुशीवर झोपता येत नव्हतं तिले. क्लिनिकमधी सांगितलं, तर म्हने सोस. कोन म्हनलं, ते मले नाई सांगितलं. आम्ही अजून तिथं कोनाशी बोललो नाई.”

खाजगी गुप्तहेर मेघा थूल आणि तिचा जोडीदार बंडूजी हे ऐकून दुपारीच हिंगणघाटच्या त्या क्लिनिकमध्ये पोचले.

डॉक्टर अनुप सारखा चष्मा पुसत होते. “त्रास कळला असता तर मी इंजेक्शनं थांबवली असती. बीजं मिळाली नसती तरी चाललं असतं.”

“बीजं घेतली कोणी?”

“नाव नाही सांगता येणार. परवाच तिच्या पोटात गर्भ ठेवलाय. काही उचलू नको, ओढू नको, असं बजावलंय तिला.”

सुलोचना सिस्टर रडवेली झाली होती. “मी फक्त सुई द्यायची जी. दुखते म्हणून माझ्याजवळ कधी बोललीच नाई.”

समुपदेशक ज्योत्स्नाताईंचं कामच बीज देणाऱ्या बाईची बाजू सांभाळायचं. “बंडूजी, ती प्लास्टिकची खुर्ची तेवढी सरकवता का?” त्या म्हणाल्या. “सपना मला पहिल्या दिवशी भेटली. नंतर भेटच नाही. बिचारी! कुशीवर वळता येईना म्हणजे काय हाल!”

बाहेर येताच बंडूजी कुजबुजला, “डॉक्टरच हाये. पाह्यलं नाई, किती घाबरला!”

“घाबरलाय खरा. पण सपनाने त्याला सांगितलं नव्हतं.”

मेघाने सगळ्यांना ज्योत्स्नाताईंच्याच खोलीत बोलावलं.

“ज्योत्स्नाताई, सपना कुशीवर वळू शकत नव्हती, हे मी इथे बोलले नाही. तिच्या नवऱ्यानेही इथे कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना आणि सिस्टरांना ठाऊक नव्हतं. म्हणजे सपनाने तुम्हालाच सांगितलं. तुम्ही ते दाबलंत. का? इंजेक्शनं थांबली असती तर बीजं मिळाली नसती. आणि हलकी खुर्चीसुद्धा तुम्ही स्वतः ओढली नाहीत.”

ज्योत्स्नाताईंचा हात पोटाकडे गेला.

“बीजं घेणारी बाई हीच. डॉक्टर, तुम्हाला हे माहीत होतं. तरी सपनाला तुम्ही हिच्याच हवाली केलंत!”

“आपल्याच क्लिनिकमधली म्हणून...” डॉक्टर पुटपुटले.

“मी तिला म्हटलं, थोडं सोस, कोणाचं तरी घर भरेल,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “माझं घर, हे नाही बोलले. वाटलं, निभावेल.”

मेघाने तक्रार दिली. क्लिनिकची चौकशी सुरू झाली.

सपनाला बोलता येऊ लागल्यावर मेघाने तिला सगळं सांगितलं.

“तिच्या पोटात राह्यलं का?” सपनाने विचारलं.

“अजून कळायचंय.”

प्रेमदासने सपनाचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

“राहो,” ती म्हणाली. “पन तिले माह्यासमोर आनू नका.”